काउंटीचे नर्सिंग होम विकावे की राखावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात एका काउंटीत, म्हणजे साधारण जिल्ह्यासारख्या विभागात, घर घेऊन स्थायिक झाला आहात. तेथे काउंटीच्या मालकीचे सुमारे तीनशे खाटांचे नर्सिंग होम आहे, ते दरवर्षी तोट्यात जाते, आणि ते एका खासगी कंपनीला विकण्याचा प्रस्ताव कमिशनरांपुढे, म्हणजे काउंटीचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या मंडळापुढे, आला आहे. विक्रीच्या बाजूचे लोक म्हणतात की वृद्धांची शुश्रूषा हा सरकारचा धंदा नव्हे आणि करदात्यांनी हा भार का वाहावा. विरोधक म्हणतात की गरिबांची शेवटची जागा विकली जात आहे. जाहीर सुनावणीला आपण जाणार आहात, पण नेमके काय विचारावे हे आपल्याला कळत नाही. मी या राज्यात परवानाधारक नर्सिंग होम प्रशासक म्हणून दीर्घकाळ काम केले आहे, आधी एका खासगी साखळीत आणि नंतर काउंटीच्या संस्थेत. त्यामुळे दोन्हीकडचे हिशेब आणि दोन्हीकडच्या रात्रपाळ्या मी जवळून पाहिल्या आहेत. माझे मत आधीच स्पष्ट सांगते : विकू नये. मात्र राखण्याची मागणी करणाऱ्यांनी त्यासाठी लागणारा पैसा आणि कारभारावरची देखरेख या दोन्हींची जबाबदारी त्याच सभेत स्वीकारली पाहिजे, कारण दुर्लक्षित सार्वजनिक संस्था रहिवाशांना खासगी संस्थेइतकीच जाचक ठरू शकते.

ज्यांना या व्यवस्थेचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. येथे नर्सिंग होम म्हणजे महाराष्ट्रात असते तसे छोटे खासगी रुग्णालय नव्हे, तर जे स्वतः उठू-बसू शकत नाहीत, ज्यांना स्मृतिभ्रंश आहे, ज्यांना चोवीस तास परिचारिकेची गरज आहे अशांचे दीर्घकाळचे निवासस्थान. 2023 साली दोन जणांच्या सामायिक खोलीचा देशातील मध्यम दर महिन्याला साडेआठ हजार डॉलरांच्या वर होता. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, रुग्णालयातून आलेल्या रुग्णाचा खर्च जास्तीत जास्त 100 दिवस उचलते, आणि त्यातही पहिले 20 दिवसच पूर्णपणे. त्यानंतर माणूस स्वतःची पुंजी मोडतो, ती संपली की मेडिकेडवर, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यसाहाय्यावर, येतो. देशभरात नर्सिंग होममधील दर दहा रहिवाशांपैकी सहाजणांचा खर्च मेडिकेड भरते, आणि काउंटीच्या संस्थांमध्ये हे प्रमाण सहसा याहून बरेच जास्त असते. निवृत्त शिक्षक, गिरणीकामगार, दुकानदार अशी आयुष्यभर कर भरलेली माणसे येथे दोन-तीन वर्षांत निष्कांचन होतात. पेनसिल्व्हेनियात मेडिकेडवरील रहिवाशाच्या हाती स्वतःच्या खर्चासाठी महिन्याला उरणारी रक्कम अनेक वर्षे 45 डॉलर राहिली. केस कापणे, फोन, नातवाला वाढदिवसाची भेट, सारे त्यातच. काउंटीचे नर्सिंग होम मुख्यतः या माणसांसाठी आहे.

काउंटी या कामात आली ती एकोणिसाव्या शतकातील गरीबखान्यांमधून. 1935 च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने सार्वजनिक संस्थांत राहणाऱ्यांना वृद्धापकाळाचे साहाय्य नाकारले, त्यामुळे खासगी नर्सिंग होमचा व्यवसाय वाढीस लागला, आणि 1965 साली मेडिकेअर व मेडिकेड आल्यावर त्याला खात्रीचा पैसा मिळाला. आज देशातील सुमारे 15 हजार नर्सिंग होमपैकी साधारण 70 टक्के नफ्यासाठी चालवली जातात आणि सरकारी मालकीची जेमतेम 6-7 टक्के उरली आहेत. म्हणजे आपल्या काउंटीत जो निर्णय होऊ घातला आहे तो इतर अनेक काउंट्यांनी आधीच घेतलेला आहे, आणि त्याचे परिणाम पाहायला मिळतात. त्यांकडे मी येतेच; त्याआधी तोट्याचा आकडा तपासू, कारण संपूर्ण वाद त्या एका आकड्यावर उभा आहे.

सभेत पडद्यावर एक आकडा दाखवला जाईल : यंदा नर्सिंग होमला इतके लाख डॉलर तोटा. तो आकडा खोटा असेल असे मी म्हणत नाही, पण तो चार वेगवेगळ्या गोष्टींची बेरीज असतो आणि त्यांतील प्रत्येकीवरचा उपाय निराळा असतो. पहिली गोष्ट मेडिकेडचा दर. समजा 300 खाटांपैकी 270 भरलेल्या आहेत, त्यांतील 189 रहिवासी मेडिकेडवर आहेत, आणि प्रत्येकाच्या दर दिवसाच्या खर्चापेक्षा मेडिकेड 30 डॉलर कमी देते. वर्षाची तूट वीस लाख डॉलरांच्या वर गेली. कोणतेही गैरव्यवस्थापन नसताना, केवळ गरिबांना प्रवेश दिल्यामुळे झालेली ही तूट आहे. खासगी मालकालाही मेडिकेडच्याच दरात भागवावे लागणार. तो ही तूट भरून काढणार ती एकतर मेडिकेडचे रहिवासी कमी घेऊन किंवा माणसांवरचा खर्च कमी करून. तिसरा मार्ग मी तरी अजून पाहिलेला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे काउंटीने नर्सिंग होमच्या नावे टाकलेला मध्यवर्ती खर्च. काउंटीचा वकील, वेतन विभाग, संगणक विभाग, विमा यांच्या खर्चाचा एक वाटा नर्सिंग होमच्या खात्यात दाखवला जातो. हे हिशेबाच्या दृष्टीने योग्यच आहे, परंतु नर्सिंग होम विकल्यावर काउंटीचा वकील अर्ध्या पगारावर येत नाही. तो खर्च तुरुंग, न्यायालय आणि रस्ते यांच्या खात्यांत वाटला जातो. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पेन्शनची देणीही विक्रीनंतर काउंटीकडेच राहतात. म्हणून विकल्यावर किती वाचणार हा आकडा तोट्याच्या आकड्यापेक्षा बराच लहान असतो, आणि तो कोणी आपणहून सांगत नाही. तो मागावा लागतो.

तिसरी गोष्ट रिकाम्या खाटा. महासाथीनंतर माणसे मिळेनाशी झाली आणि अनेक संस्थांनी एखादा अख्खा विभाग बंद ठेवला. 40 खाटांचा विभाग बंद पडला की उत्पन्न पूर्ण जाते, पण छप्पर, बॉयलर, स्वयंपाकघर आणि प्रशासन यांचा खर्च तेवढाच राहतो. त्यातच उरलेल्या विभागांसाठी एजन्सीकडून माणसे आणली तर त्यांच्या तासाचा दर कायम कर्मचाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त पडतो. मी पाहिलेल्या बहुतेक काउंट्यांत तोटा अचानक वाढला तो याच दोन कारणांनी, आणि यावरचा उपाय पगार वाढवून कायम माणसे भरणे हा आहे. काउंटीच्या वेतनश्रेणीत सीएनएचा, म्हणजे रहिवाशाला प्रत्यक्ष हात लावून सेवा देणाऱ्या नर्सिंग सहायकाचा, सुरुवातीचा पगार शेजारच्या गोदामातील पगारापेक्षा कमी असेल, तर तेथे जाहिराती देऊन उपयोग नाही. कमिशनर मंडळ पगार वाढवायला तयार नसते, मग तीच माणसे एजन्सीमार्फत दुप्पट दराने घेते, आणि वर्षअखेर तोट्याबद्दल हळहळ व्यक्त करते; हे चक्र मी फार जवळून पाहिले आहे आणि त्याचा मला आजही संताप येतो.

चौथी गोष्ट इमारतीची. साठ-सत्तरच्या दशकातील इमारतींची नळव्यवस्था, उद्वाहने आणि अग्निरोधक यंत्रणा एकाच सुमारास निकामी होऊ लागतात. हा खर्च खरा आहे, तो टाळता येत नाही, आणि राखण्याच्या बाजूने बोलणारे त्याविषयी सहसा मौन पाळतात. तसे करू नये. या खर्चासाठी कर्जरोखे काढायचे की कमी खाटांची नवी इमारत बांधायची, हे त्यांनी सांगितले पाहिजे.

आता करदात्याच्या खिशाविषयी. पेनसिल्व्हेनियात मालमत्ता कर ‘मिल’ मध्ये मोजतात. एक मिल म्हणजे आकारणीसाठी धरलेल्या मूल्याच्या दर 1,000 डॉलरांवर 1 डॉलर. आपल्या घराचे आकारणी मूल्य 1,00,000 डॉलर असेल आणि नर्सिंग होमची तूट भरण्यासाठी अर्धा मिल लागत असेल, तर आपल्यावर वर्षाला 50 डॉलरांचा भार पडतो. आपल्या काउंटीचा आकडा निराळा असेल, पण तो अशा रूपात मागा. लाखांतील तोटा ऐकून घाबरणारी माणसे दर घरामागचा आकडा ऐकल्यावर शांतपणे विचार करतात, आणि काहीजण तो आकडा ऐकूनही विक्रीच्याच बाजूने राहतात. तो त्यांचा अधिकार आहे.

ज्यांनी आधी निर्णय घेतले त्यांच्याकडे वळू. आपल्याला सर्वांत उपयोगी पडेल असे उदाहरण नॉर्थॅम्प्टन काउंटीतील ग्रेसडेलचे आहे. नॅझरेथजवळचे हे नर्सिंग होम राज्यातील सर्वांत मोठ्या संस्थांपैकी एक, सुमारे 700 खाटांचे. तेथील तत्कालीन काउंटी एक्झिक्युटिव्ह, म्हणजे काउंटीचे निवडून आलेले प्रमुख, जॉन स्टोफा यांनी ते प्रीमियर हेल्थकेअर रिसोर्सेस या कंपनीला 3 कोटी 50 लाख डॉलरांना विकण्याचा घाट घातला. नागरिकांनी सह्या गोळा केल्या, प्रकरण न्यायालयात गेले, आणि अखेर मे 2011 मध्ये मतपत्रिकेवर प्रश्न आला : पाच वर्षे विक्रीला बंदी घालावी काय? मतदारांनी मोठ्या बहुमताने होकार दिला. ती पाच वर्षे केव्हाच उलटली, तरी ग्रेसडेल आजही काउंटीचेच आहे. शेजारच्या लीहाय काउंटीनेही आपले सिडरब्रुक राखले आणि त्याच्या नव्या बांधकामावर मोठा खर्च केला. ग्रेसडेलमध्ये सारे आलबेल होते असे मात्र कोणी समजू नये. 2020 च्या वसंतात तेथेही कोविडने अनेक रहिवासी दगावले आणि मदतीसाठी नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचे राखीव सैनिक दल, बोलवावे लागले. माणसांची टंचाई पुढेही राहिली. फरक इतकाच की तेथे काय चालले आहे हे काउंटी कौन्सिलच्या सभेत उभे राहून विचारता येत होते आणि उत्तर द्यायला निवडून आलेला माणूस समोर बसलेला होता.

विकणाऱ्यांपैकी बीव्हर काउंटीने 2014 मध्ये आपले फ्रेंडशिप रिज 3 कोटी 75 लाख डॉलरांना विकले. नव्या मालकाने त्याचे नाव ब्रायटन रिहॅबिलिटेशन अँड वेलनेस सेंटर असे ठेवले. 2020 मध्ये त्या एका संस्थेत 70 हून अधिक रहिवासी कोविडने मरण पावले, आणि डिसेंबर 2023 मध्ये कर्मचारीसंख्येच्या नोंदी खोट्या दाखवल्याच्या प्रकरणात संघीय ज्यूरीने ती चालवणाऱ्या कंपनीला दोषी ठरवले. लेबनॉन काउंटीने आपले सिडर हेवन 2014 मध्येच विकले. 2019 मध्ये त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला. न्यूयॉर्क राज्यातील सॅराटोगा काउंटीचे मेपलवूड मॅनर 2015 च्या सुमारास खासगी हाती गेले, नंतर त्याचा कारभार आणखी दुसऱ्यांच्या हाती गेला, आणि 2021 च्या सुरुवातीस ते बंद पडले. तेथे गरम पाणी नीट येत नव्हते, औषधांत चुका होत होत्या, रहिवाशांना बेडसोअर होत होते, अशा आरोपांवरून संघीय सरकारने मालक, चालक आणि जागामालक यांच्याविरुद्ध कारवाई केली, आणि 2023 मध्ये त्यांनी 70 लाख डॉलरांहून अधिक रक्कम भरण्याचे मान्य केले. ती रक्कम भरली गेली तेव्हा बॉल्स्टन स्पा येथील त्या इमारतीत एकही रहिवासी उरलेला नव्हता.

मी वाईट तेवढीच उदाहरणे निवडली असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. विक्रीनंतर ठीक चाललेल्या संस्थाही आहेत, आणि मी स्वतः ज्या खासगी साखळीत होते तेथे अत्यंत निष्ठेने काम करणारे सहकारी मला मिळाले. इलिनॉयमधील शँपेन काउंटीत तर 2017 साली मतदारांपुढे दोन प्रश्न ठेवले गेले : नर्सिंग होमसाठी कर वाढवावा काय, आणि ते विकण्याचा अधिकार मंडळाला द्यावा काय? त्यांनी करवाढ नाकारली, विक्रीला मान्यता दिली, आणि 2019 मध्ये विक्री झाली. लोकांनी डोळे उघडे ठेवून घेतलेला निर्णय म्हणून त्याचा मान राखला पाहिजे. माझा मुद्दा प्रत्येक खरेदीदार लबाड असतो असा नाही. खरेदीदार कसा निघेल हे विक्रीच्या दिवशी कळत नाही, आणि कळते तेव्हा काउंटीच्या हातात काही उरलेले नसते. वाईट प्रशासकाला काउंटी पुढच्या महिन्यात बदलू शकते, वाईट कमिशनरला मतदार पुढच्या निवडणुकीत घरी पाठवू शकतात; विकलेली संस्था परत घेतल्याचे उदाहरण शोधावे लागेल.

नफा नेमका कुठून काढला जातो हे समजून घेतल्याशिवाय विक्रीचा करार वाचता येणार नाही. खरेदी करताना सहसा दोन कंपन्या उभ्या केल्या जातात : एक इमारत आणि जमीन घेते, दुसरी परवाना घेऊन संस्था चालवते. चालवणारी कंपनी जागामालक कंपनीला भाडे देते, व्यवस्थापन शुल्क तिसऱ्या कंपनीला देते, फिजिओथेरपी आणि औषधे चौथ्या-पाचव्या कंपनीकडून घेते, आणि या सर्वांचे मालक पुष्कळदा तेच असतात. परिणामी चालवणारी कंपनी कागदावर तोट्यात दिसते आणि मेडिकेडचा दर वाढवून मागते. इलिनॉयमधील नर्सिंग होमवरील 2024 च्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात असे आढळले की सुमारे 63 टक्के नफा अशा आपसांतील व्यवहारांच्या वाढीव किमतींआड दडलेला होता. 2021 च्या दुसऱ्या एका अभ्यासात, प्रायव्हेट इक्विटी कंपन्यांनी, म्हणजे गुंतवणूकदारांच्या पैशातून व्यवसाय विकत घेऊन नफा काढणाऱ्या कंपन्यांनी, घेतलेल्या नर्सिंग होममध्ये मेडिकेअरवर अल्पकाळासाठी आलेल्या रुग्णांचे मृत्यूचे प्रमाण सुमारे 10 टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. प्रत्येक खासगी मालक प्रायव्हेट इक्विटीवाला नसतो, म्हणूनच खरेदीदाराच्या मागे नेमके कोण आहे हे विक्रीआधी समजले पाहिजे.

रहिवाशाच्या वाट्याला यातून काय येते ते एका रात्रपाळीत दिसते. पेनसिल्व्हेनियाने जुलै 2024 पासून प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला किमान 3.2 तास प्रत्यक्ष शुश्रूषा बंधनकारक केली आहे, आणि सीएनएचे प्रमाण दिवसा दहा रहिवाशांमागे एक, संध्याकाळी अकरामागे एक, रात्री पंधरामागे एक असे ठरवले आहे. आता रात्रीची पंधराजणांची जबाबदारी घ्या. त्यांतील नऊ जण स्वतः कूस बदलू शकत नाहीत. बेडसोअर होऊ नये म्हणून अशांना साधारण दर दोन तासांनी वळवावे लागते. सोबत डायपर बदलणे, त्वचा पुसून कोरडी करणे, टाचांखाली उशी सारणे. घाई न करता केले तर एकेकाला बारा मिनिटे लागतात. नऊ जणांची 108 मिनिटे झाली, आणि दोन तासांत 120 मिनिटे असतात. उरलेल्या बारा मिनिटांत इतर सहा जणांच्या घंटा, कोणाचे पाणी, कोणाला शौचाला नेणे, आणि जी आजी रोज रात्री अडीच वाजता उठून आपल्या कधीच वारलेल्या यजमानांना शोधत दाराकडे निघते तिला हाताला धरून परत आणणे. आता सहकारी आजारी पडल्याचा फोन आला आणि पंधराचे बावीस झाले असे समजा. वळवायचे नऊ होते ते तेरा झाले, म्हणजे 156 मिनिटांचे काम 120 मिनिटांत. कोणीतरी चार तास एकाच कुशीवर राहणार, आणि आठवड्याभरात माकडहाडावर लाल डाग दिसणार. ती सहायक दुष्ट किंवा आळशी असण्याची येथे मुळीच गरज नाही.

राज्याचा नियम काउंटीला आणि खासगी मालकाला सारखाच लागू आहे, हे खरे. पण तो किमान मर्यादेचा नियम आहे. काउंटीच्या संस्थांत मला जे वारंवार दिसले ते असे की कर्मचारी दीर्घकाळ टिकतात, कारण त्यांना संघटना आहे, आरोग्यविमा आहे, पेन्शन आहे. पंधरा वर्षे त्याच विभागात असलेल्या सहायकेला कोणता रहिवासी डाव्या कुशीवर ओरडतो आणि कोणाला आधी चमचाभर सफरचंदाचा गर दिला की गोळी गिळता येते हे ठाऊक असते. विक्रीनंतर पहिल्या वर्षात जी माणसे सोडून जातात ती नेमकी हीच. देशपातळीवर मेडिकेअरच्या प्रशासनाने 2024 मध्ये दर रहिवाशामागे 3.48 तासांचा नियम आणला होता. तो 2025 मध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने रद्द ठरवला. तेव्हा वरून कोणी येऊन संख्या वाढवील या आशेवर विक्रीला होकार देण्यात अर्थ नाही.

‘पण आम्ही करारात अटी घालू’ असे कमिशनर म्हणतील. घालतातही : इतकी वर्षे इमारत नर्सिंग होम म्हणूनच वापरावी, मेडिकेडचे रहिवासी घ्यावेत, सध्याच्या कर्मचाऱ्यांना मुलाखतीची संधी द्यावी. यांतील प्रत्येक अट काळजीपूर्वक वाचा. ‘सध्याच्या रहिवाशांना काढणार नाही’ याचा अर्थ त्यांच्यानंतर येणाऱ्यांना घेऊ असा होत नाही. ‘नोकरीचा प्रस्ताव देऊ’ यात पगार आणि विमा यांचा उल्लेख नसतो. अट मोडली तर दंड किती, तो कोणाकडून वसूल करायचा, आणि मालकाने मध्येच दुसऱ्याला विकले तर अट नव्या मालकावर बंधनकारक राहते काय, ही कलमे नसतील तर उरलेली पाने शोभेची आहेत. चालवणारी कंपनी रिकाम्या खिशाची असेल तर खटला जिंकूनही हाती काही लागत नाही.

राखणे म्हणजे आहे तसेच रेटणे नव्हे, हेही तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे. काउंटीच्या कारभारात खरे दोष आहेत. रिक्त पद भरायला मंजुरीवर मंजुरी घेत आठवडे जातात, तोवर उमेदवार दुसरीकडे रुजू होतो. पुनर्वसनासाठी येणारे मेडिकेअरचे रुग्ण, ज्यांचा दर चांगला असतो, ते रुग्णालयांशी संबंध न जोपासल्याने खासगी संस्थांकडे जातात. मेडिकेडचे अर्ज वेळेवर पूर्ण न केल्याने महिनोन्महिने पैसे अडकतात. पाच वर्षांचे बँक व्यवहार तपासले जात असल्याने हा अर्ज किचकट आहे, आणि त्यासाठी एक जाणकार माणूस नेमला तर तो आपल्या पगाराच्या कित्येक पट वसूल करून देतो. खाटा कमी करून एकेकट्या खोल्या करणे, कारभार काउंटीच्या दैनंदिन राजकारणापासून दूर अशा स्वतंत्र मंडळाकडे देणे, ठरावीक मुदतीसाठी बाहेरचे व्यवस्थापन आणणे, किंवा अगदीच निरुपाय झाला तर स्थानिक ना-नफा संस्थेला हस्तांतरित करणे, असे अनेक पर्याय आहेत. कमिशनरांनी यांपैकी काय तपासले आणि का नाकारले हे लेखी मागावे.

एक व्यावहारिक अडचण. ग्रेसडेलसारखे सार्वमत आपल्याकडे घेता येईलच असे नाही. नॉर्थॅम्प्टन काउंटीचा स्वतःचा होम रूल चार्टर, म्हणजे मतदारांनी मंजूर केलेली कारभाराची सनद, आहे आणि त्यात नागरिकांना सह्यांच्या आधारे प्रश्न मतपत्रिकेवर आणण्याची सोय आहे. तीन कमिशनर असलेल्या सर्वसाधारण काउंटीत ती सोय नसते. तेथे तीनपैकी दोन मते विक्रीला पुरतात. म्हणून आपली सारी शक्ती ठरावाआधीच्या सभांत लावायला हवी. विक्रीच्या ठरावानंतर परवान्यासाठी राज्याच्या आरोग्य खात्याची मंजुरी लागते, पण त्या टप्प्यावर विक्री रोखली जाईल यावर विसंबू नये.

आपल्या आई-वडिलांना पुढे येथे आणण्याचा विचार असल्याचे आपण लिहिले आहे, म्हणून थोडे त्याविषयी. ग्रीन कार्डवर आलेल्या वृद्धांना सर्वसाधारणपणे पहिली पाच वर्षे मेडिकेड मिळत नाही, आणि पैसे भरून मेडिकेअर घेण्यासाठीही पाच वर्षांचा सलग वास्तव्याचा काळ लागतो. त्या काळात नर्सिंग होमची गरज पडली तर खर्च कुटुंबावर येतो. शिवाय पेनसिल्व्हेनियात निर्धन आई-वडिलांच्या पोषणाची जबाबदारी सज्ञान मुलांवर टाकणारा कायदा आहे, आणि 2012 मध्ये येथील सुपीरियर कोर्टाने, म्हणजे राज्याच्या अपील न्यायालयाने, त्याच आधारे आईच्या नर्सिंग होमचे सुमारे 93 हजार डॉलरांचे बिल मुलावर लावणारा निकाल कायम केला. आपल्या समाजातील बऱ्याच सुशिक्षित मंडळींना याची कल्पना नसते. कोणत्याही नर्सिंग होमच्या प्रवेशपत्रावर ‘जबाबदार व्यक्ती’ म्हणून सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवा, संस्था काउंटीची असो वा खासगी.

सुनावणीआधी काउंटीकडे माहितीच्या अधिकाराखाली तीन गोष्टी मागवा : नर्सिंग होमचा मेडिकेडला सादर केलेला मागील काही वर्षांचा खर्च अहवाल, विक्रीनंतर प्रत्यक्ष किती बचत होईल याचे गणित, आणि कराराचा मसुदा. खरेदीदाराच्या इतर संस्थांची कर्मचारीसंख्या, तपासणीतील त्रुटी आणि दंड मेडिकेअरच्या संकेतस्थळावर नावानिशी पाहायला मिळतात. त्याने पूर्वी घेतलेल्या संस्थांचे खरेदीआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी-शेजारी मांडून एका पानावर न्या आणि त्या पानाची प्रत प्रत्येक कमिशनरच्या हातात द्या. बोलायला बहुधा तीनच मिनिटे मिळतील. त्यात भावनांचा उल्लेख इतर लोक करतीलच. आपण एकच प्रश्न विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवण्याची विनंती करा : आज मेडिकेडवर असलेल्या रहिवाशाची खाट उद्या रिकामी झाली तर ती पुन्हा मेडिकेडवरच्या माणसाला मिळेल, हे कराराच्या कोणत्या कलमात लिहिले आहे, आणि ते कलम मोडल्यास कोण किती रक्कम भरणार आहे?